ओझं कुणाचं, कुणावर?

परवा साखरपुड्याच्या पंगतीत आमच्या दादाने (हो, तूच रे! वाचतोयस माहीत आहे) नेहमीचं वाक्य टाकलं. "शुगरवाल्यांचं सगळं सरकार फुकट करतं, आणि ओझं आपल्या टॅक्सवर." तोंडात जिलबी होती म्हणून गप्प बसले. आता बोलते.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना सात वर्षांपासून शुगर आहे. महिन्याच्या गोळ्याच सातशेच्या आसपास, तपासण्या वेगळ्या. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, मान्य. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळेच उपचार मोफत आहेत. पण तिथे जायचं म्हणजे सकाळची चार घरं बुडवायची, रांगेत उभं राहायचं, आणि खिडकीवर ऐकायचं, "गोळ्या संपल्यात, सोमवारी या." मग मावशी काय करतात? एक दिवसाआड गोळी घेतात. "भागतं हो ताई तेवढ्यात."

नाही भागत. अशानेच किडनी जाते. आणि गंमत बघा, किडनी गेली की महात्मा फुले योजनेत डायलिसिस फुकट! आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक जन्मभर. आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं कवचही हॉस्पिटलातल्या उपचारांसाठीच. रोजची गोळी त्यात बसत नाही. योजना वाईट आहेत असं मुळीच म्हणत नाहीये. कित्येकांचे जीव वाचलेत त्यांनी. पण सातशे रुपयांत अडणारं दुखणं लाखांवर गेल्यावरच आपण पाकीट उघडणार असू, तर ते ओझं वाढवलं कुणी? मावशींनी?

आणि टॅक्सचं म्हणशील, तर मावशी साबणावर जीएसटी भरतात, त्या गोळ्यांवरसुद्धा. सरकारच्याच २०२१-२२ च्या हिशेबाप्रमाणे देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले ३९ लोक थेट स्वतःच्या खिशातून देतात. २०१३-१४ मध्ये ते ६४ होते, म्हणजे सुधारणा आहेच. पण त्या वर्षी केंद्र आणि राज्यं मिळून सरकारचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा वायदा होता. तू कर्जाचे हप्ते असे भरतोस का रे दादा?

असो. सोमवारी मावशी रांगेत उभ्या राहणार आहेत. बाकीच्या तीन घरांत काय होईल माहीत नाही, आमच्याकडे पोळ्या मी लाटणार आहे. नकाशे होतील. ये जेवायला.