अळीला सवय लागत नाही

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बरंच झालं. पण आपल्याकडे काहींनी लगेच कॉलर ताठ केली : "आमच्या स्टेट बोर्डात आहे बरं का!" माझं भांडण या कॉलरशी आहे.

आहे ना. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २'मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. लॅमार्कचा जिराफ आहे, डार्विनची नैसर्गिक निवड आहे. पोरं ते पाठ करतात, फरक लिहितात, मार्क घेतात.

आता तिसगावात या. पाथर्डी तालुक्यातलं माझं गाव. पावसाचा भरवसा नाही, तरी कपाशी लावायचं कुणी सोडत नाही. दहावीला विज्ञानात नव्वद घेतलेल्या कुठल्याही पोराला विचारा, बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी कशी काय आली? उत्तर ठरलेलं : "अळीला सवय लागली."

हा शुद्ध लॅमार्क आहे. पेपरात ज्याला चूक म्हटलं, तोच बांधावर बरोबर!

अळीला सवय लागत नाही. बीटी कपाशीचं विष पोटात गेलं की साधी अळी मरते. पण काही थोड्या अळ्या जन्मतःच अशा असतात, की त्यांना ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या की याच उरतात आणि यांचीच पिलावळ वाढते. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच, आणि ती बघायला गॅलापागोसला जावं लागत नाही.

हा शब्दांचा खेळ नाही, यात पैसा बुडतो. सवय लागली असं मानलं, तर उपाय एकच सुचतो : औषध बदला, डोस वाढवा. निवड झाली हे कळलं, तर उलटा उपाय सुचतो : काही साध्या अळ्या मुद्दाम जगू द्या. म्हणून तर ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. तिच्या ओळी कडेनं लावायच्या, म्हणजे तिथं जगलेल्या साध्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर होतो आणि त्यांची बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. ती पुडी बहुतेकांनी फेकून दिली. शेतकरी मूर्ख होता म्हणून नाही. अळीला खायला रान का सोडायचं, हे त्याला पटेल असं कुणी सांगितलंच नाही.

दुसरा धडा बोंडातच होता. आपण लावतो ते बियाणं संकरित. त्यामुळं एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष नसतं. एका जनुकाचा हिशोब धरला, तर चारातली एक बिनविषारी. मेंडेलचं ३:१ हेच. वर फरदड घेऊन आपण अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवू घातलं. बीटी २००२ मध्ये आलं. २०१० मध्ये मोन्सॅन्टोनं गुजरातेत गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती मान्य केली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडं किडली.

लोक म्हणतील, खेड्यातल्या शाळेत प्रयोगशाळा कुठाय? पोरांना नीट द्यायचीय, कपाशी खुरपायची नाही. या सबबी मला मान्य नाहीत. प्रयोगशाळा असते तिथंही प्रयोग होतोच असं नाही. जर्नलमध्ये निष्कर्ष आधी उतरवला जातो, निरीक्षण नंतर त्याला जुळवलं जातं. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती गाइडवरून काढायची, आणि शाळेमागं कांद्याचं वावर! उत्तर आधी ठरलेलं असेल तर त्याला विज्ञान का म्हणायचं?

कामगंध सापळा स्वस्तात मिळतो. वर्गानं तो कपाशीत लावावा, रोज पतंग मोजावेत. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोक्याची पातळी. डोमकळ्या मोजाव्यात. वीस हिरवी बोंडं फोडावीत. दोनांत अळी निघाली, तर फवारणीचा विचार. आणि फवारलेल्या तुकड्याशेजारी एक तुकडा न फवारता ठेवावा. फरक औषधानं पडला की पावसानं, हे त्याशिवाय सांगता येत नाही. 'नियंत्रित प्रयोग' या जड शब्दाचा अर्थ एवढाच.

यातून पोराला एक सवय मात्र जरूर लागेल : "कशावरून?" असं विचारायची. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, टीव्हीसमोर, व्हॉट्सॲपवर, आणि वर्गातल्या सरांनासुद्धा. मला शंका येते, की अडचण इथंच आहे. धडा पुस्तकात ठेवायला कुणाची हरकत नसते, कारण धडा उलटून विचारत नाही.

म्हणून उत्क्रांती पुस्तकात आहे की नाही, यावर भांडाच. पण ती फक्त पुस्तकातच राहिली, तर पोरगं मार्क घेईल आणि अळी शेत खाईल.