वेगाचा वर्ग आणि वळणाची मर्यादा

वळण आणि वेग यांचे वैर कोकणाला नवे नाही. मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडी घाटाने खेडकडे निघालेल्या चालकांच्या कित्येक पिढ्यांना ते शिकवले. शेवटी बोगदा खोदून ती वळणे टाळावी लागली. खेडवरून जाणारी कोकण रेल्वे ताशी 160 किलोमीटर वेग गृहीत धरून आखली गेली, तेव्हा कोणत्याही वळणाची त्रिज्या 1250 मीटरपेक्षा कमी नसावी, असे पथ्य पाळण्यात आले. आकाशात रूळ नसतात आणि कठडेही नसतात. नियम मात्र तोच असतो.

विमानाच्या वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वीस अंश कललेले विमान ताशी 260 किलोमीटर वेगाने सुमारे दीड किलोमीटर त्रिज्येत वळते; वेग 330 झाला की तीच त्रिज्या 2.3 किलोमीटरच्या पुढे जाते. वेग जेमतेम सव्वापट, त्रिज्या मात्र दीडपटीहून अधिक! पाठीवर वारा असेल, तर विमान आणखी दूर ढकलले जाते.

उपकरणांच्या आधारे उतरताना हे गणित निर्णायक ठरते. अनेक ठिकाणी असे मार्गदर्शन धावपट्टीच्या एकाच टोकाला उपलब्ध असते. वारा उलटा असल्यास वैमानिकाला ढगांखाली येऊन, धावपट्टी नजरेआड होऊ न देता, वळसा घालून दुसऱ्या टोकाने उतरावे लागते. त्यासाठी उतरतेवेळच्या वेगानुसार विमानांचे गट पाडलेले आहेत आणि प्रत्येक गटासाठी डोंगर व इमारतींपासून सुरक्षित असे क्षेत्र आखलेले असते. त्या क्षेत्राबाहेर सुरक्षित उंचीची हमी संपते.

ही हमी ओलांडण्याची किंमत जगाने मोजली आहे. 15 एप्रिल 2002 रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे एअर चायनाचे बोइंग 767 असाच वळसा घालत होते. पाठीवर वारा असताना वळण घेण्यास उशीर झाला, विमान आखीव क्षेत्राबाहेर गेले आणि डोंगरावर आदळले. 166 पैकी 129 जण मृत्युमुखी पडले. 28 जुलै 2010 रोजी इस्लामाबादेत एअरब्ल्यूचे एअरबस विमान वळसा घालताना भरकटून मारगल्ला टेकड्यांवर कोसळले. 152 जणांचा बळी गेला.

मग वेग कमी करणे, हा उपाय ठरतो का? तोही मर्यादेतच. विमान कलले की पंखांना अधिक भार पेलावा लागतो आणि हवेत तरण्यासाठी लागणारा किमान वेग वाढतो. 17 जुलै 2000 रोजी पाटण्यात अलायन्स एअरचे बोइंग 737 जमिनीलगत वळताना वेग गमावून वस्तीवर कोसळले. जमिनीवरील पाच जणांसह साठ जण दगावले. वेग जास्त तर डोंगर, कमी तर जमीन! या दोहोंमधील पट्टा अरुंद आहे.

म्हणूनच जमिनीलगतचा वळसा टाळणे, हाच खरा उपाय आहे. उपग्रहांच्या साह्याने धावपट्टीच्या दोन्ही टोकांना सरळ रेषेत उतरण्याचे मार्ग आखता येतात. भारताच्या 'गगन' यंत्रणेच्या आधारे एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे प्रवासी कंपनीचे विमान चाचणी म्हणून उतरवण्यात आले. ऑक्टोबर 2021 मध्ये चिपी विमानतळाचे उद्घाटन झाले. रत्नागिरीतही नागरी सेवेच्या हालचाली झाल्या. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि चार महिने पाऊस असलेल्या या पट्ट्यात धावपट्टीची लांबी आणि टर्मिनलची शोभा यांची चर्चा पुष्कळ होते. तिथे पोहोचणारा शेवटचा मार्ग कोणत्या वेगाच्या विमानासाठी, कोणत्या टोकाने आखला आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रस्त्यावर वळण चुकले, तर बोगद्याने सुधारता येते. आकाशात ती सुधारणा आधी, नकाशावरच करावी लागते.