गिंप वापर की!

"अरे, गिंप आहे ना! ते वापर की!"

हे वाक्य मी गेल्या आठ वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. रूममेटला, ऑफिसातल्या डिझायनर मुलीला, एकदा तर लग्नाच्या मांडवात गळ्यात कॅमेरा अडकवून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला. लिनक्सवर यायचंय पण फोटोशॉपचं काय, असं कुणी विचारायचा अवकाश, आपण लगेच ही पुडी पुढे करतो. त्या वाक्याशी मला भांडायचंय. भांडण स्वतःपासूनच सुरू करावं लागेल, कारण ते मी शेवटचं ऐकवलं ते माझ्या सख्ख्या मामाला.

मामाचा संगमनेरला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, अधूनमधून पत्रिका. पण खरी कमाई लग्नाच्या करिझ्मा अल्बमची. १२ बाय ३६ इंचांचं पसरट पान, मधे नवरानवरी, मागे धबधबा, कोपऱ्यात वळणदार अक्षरांत नावं. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा अधिकृत सपोर्ट संपला. मामाचं मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नव्हतं. फोटोशॉप अर्थातच चोरीचं. दिवाळीला गेलो तेव्हा मी अख्खी दुपार घालवून त्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं, गिंप टाकलं, आणि चोरीच्या मालापासून एका माणसाची सुटका केली म्हणून मामीच्या हातच्या चार चकल्या जास्त खाल्ल्या.

तुळशीचं लग्न झालं, सीझन लागला आणि मामाचा फोन आला. "मशीन झकास पळतंय रे. पण मला काम येईनासं झालंय."

झालं होतं असं. अल्बमची पानं हे लोक शून्यातून बनवत नाहीत. १२ बाय ३६ची तयार पीएसडी टेम्प्लेट विकत मिळतात, मामाकडे ती शेकड्यांनी आहेत. गिंपनं फाइल उघडली, पण ज्या चौकटीत नुसता फोटो बदलायचा ते स्मार्ट ऑब्जेक्ट सपाट चित्र होऊन बसलेलं. नावांची अक्षरं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटांत. त्यांचा कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरचं. (युनिकोड मराठी गिंपमध्ये सुरेख उमटतं. फोटोशॉपमध्ये सेटिंग बदललं नाही तर जोडाक्षरं फुटायची. पण हा मुद्दा मी फोनवर काढला तेव्हा मामा काहीच बोलला नाही.) वर्षानुवर्षं साठवलेल्या अ‍ॅक्शन, म्हणजे एक कळ दाबली की अख्ख्या हळदीच्या फोटोंचा रंग जागेवर, त्या सगळ्या गेल्या. पत्रिकेची फाइल प्रेसला सीएमवायकेमध्ये हवी होती. गिंपमध्ये सीएमवायकेचं प्रूफ बघता येतं, काही फॉरमॅटमध्ये फाइल काढताही येते, पण त्या रंगांत बसून काम करता येत नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या पोरानं जुनं विंडोज आणि चोरीचं फोटोशॉप परत टाकून दिलं. तोवर एक अल्बम लांबला होता आणि पार्टीनं पैसे कापले होते. हे मला मामानं नाही, मामीनं सांगितलं.

आता नेहमीचे युक्तिवाद येतील, मला ते पाठ आहेत. "नवीन गोष्ट शिकायला नको का?" ऐन सीझनमध्ये, रात्री दोन वाजता, बावन्नाव्या वर्षी? आपण एखादी नवी लायब्ररी शिकतो ती पगारी वेळेत. "क्रिटा आहे, डार्कटेबल आहे." आहेत, आणि आपापल्या कामाला उत्तम आहेत. क्रिटात सीएमवायकेसुद्धा आहे. पण एका दुकानदाराला तीन प्रोग्रामांमधून एक पान फिरवायला सांगणं हा सल्ला नाही, ही शिक्षा आहे. "ब्राउझरमध्ये फोटोपिया वापरा." ते पीएसडी बऱ्यापैकी उघडतं, पण ते मुक्त सॉफ्टवेअर नाही, म्हणजे फक्त मालक बदलला.

आणि शेवटचा, सगळ्यात लाडका: "अडोबीनं फोटोशॉप लिनक्सवर आणायला पाहिजे." नव्वदच्या दशकात ते सिलिकॉन ग्राफिक्सच्या युनिक्स मशीनवर चालत होतं, म्हणजे जमत नाही असं नव्हे. २००३च्या सुमारास डिस्नेसह काही अ‍ॅनिमेशन स्टुडिओंना त्यांच्या लिनक्स मशीनवर फोटोशॉप हवं होतं. त्यांनी विनवण्या केल्या नाहीत. वाइनवर ते चालावं म्हणून कोडवीव्हर्सला पैसे दिले आणि चालवून घेतलं. आपण मात्र, फुकट वापरणारे, वाट बघत बसलो. आणि समजा, उद्या आलंच. २०१३पासून अडोबीनं नवी आवृत्ती कायमची विकणं बंद करून भाडं लावलंय. मामा ते आजही भरत नाही, लिनक्सवर कशाला भरेल?

म्हणून माझा राग अडोबीवर नाही. गिंप बनवणाऱ्यांवर तर नाहीच. बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५मध्ये सुरू केलेलं हे काम आज मूठभर माणसं, बहुतेक फावल्या वेळात, पुढे नेतायत. त्यांच्या हातून काय कधी झालं ते बघा. फोटोशॉपमध्ये अ‍ॅडजस्टमेंट लेयर आले १९९६ला. मूळ चित्राला धक्का न लावता फिल्टर बदलत राहायची सोय गिंपमध्ये आली ३.० आवृत्तीत, मार्च २०२५मध्ये. रंगाच्या खोलीचं तर जास्त वाईट वाटतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिनेमावाल्यांना गिंपमध्ये ८ बिटांऐवजी १६ बिट हवे होते, त्यांनी ते काम करवूनही घेतलं, पण ते मुख्य गिंपमध्ये गेलं नाही. फिल्म गिंप म्हणून वेगळी चूल मांडली गेली. आपल्या गिंपला ती खोली मिळाली २०१८ला, २.१० आवृत्तीत. धंद्यातला माणूस दारात आला होता, आणि परत गेला.

याच्या शेजारी ब्लेंडर ठेवून बघा. २००२मध्ये ते बनवणारी कंपनी बुडाली. टोन रोझेनडालनं लोकांकडे एक लाख युरो मागितले, सात आठवड्यांत ते जमले, आणि ब्लेंडर मुक्त झालं. पुढे त्यांनी चित्रकार आणि प्रोग्रामर एकाच छताखाली बसवून सिनेमे काढायला घेतले. २००६चा 'एलिफंट्स ड्रीम' हा पहिला. सिनेमा अडला की तिथल्या तिथे सॉफ्टवेअर दुरुस्त. जगभर डाव्या क्लिकनं वस्तू निवडतात, ब्लेंडर उजव्यानं निवडायचं, आणि जुने भक्त त्याचं समर्थन करण्यात पटाईत होते, अगदी माझ्यासारखे. २०१९मध्ये ती सवय बदलली. त्याच वर्षी एपिक गेम्सनं १२ लाख डॉलर दिले. २०२५मध्ये ब्लेंडरवर बनलेल्या 'फ्लो'ला ऑस्कर मिळालं. जादू काही नाही. कुणीतरी पैसे दिले आणि कुणीतरी कलाकाराच्या खुर्चीमागे उभं राहून बघितलं.

आपण यातलं काय केलं? मी हिंजवडीत ज्या कंपनीत काम करतो तिचा प्रत्येक सर्व्हर लिनक्सवर आहे. माझा पगार, माझ्या फ्लॅटचा हप्ता, सगळं फुकटात मिळालेल्या कोडवर उभं आहे. आठ वर्षांत मी गिंपला दिलेली रक्कम शून्य रुपये. नोंदवलेले बग शून्य. "गिंप वापर की" मात्र शेकड्यांनी. मामाला आम्ही चोर म्हणतो, कारण त्यानं फोटोशॉप उचललं. त्यानं निदान उचललेलं काम तरी मनापासून शिकून घेतलंय. आम्ही जे कायदेशीरपणे उचललं, त्याची परतफेड करायची असते हे आम्हाला सुचलंसुद्धा नाही, आणि वर आम्ही त्याला स्वातंत्र्यावर व्याख्यान देणार!

गेल्या महिन्यात मी परत संगमनेरला गेलो. या खेपेला मशीनला हात लावला नाही. दोन दिवस मामाच्या मागे स्टूल टाकून बसलो आणि तो काय करतो ते वहीत लिहीत गेलो. पहिल्या तासातच कळलं, की मेनू तो जवळपास उघडतच नाही, सगळं डाव्या हाताच्या बोटांवर. निघताना त्याच्या टेम्प्लेटची हार्ड डिस्क मागून घेतली. विकत घेतलेली टेम्प्लेट कुणाला पाठवता येणार नाहीत, म्हणून तशाच घडणीच्या रिकाम्या पीएसडी मी स्वतः बनवतोय. तीन झाल्यात. त्या जोडून पहिला बग नोंदवलाय, आणि पगाराच्या दिवशी गिंपकडे थोडे पैसे आपोआप जातील अशी व्यवस्था लावलीय.

मामाला फोनवर हे सांगितलं. तो कुणाचा तरी पासपोर्ट फोटो कापत होता.

"बरं," म्हणाला, "पुढच्या तुळशीच्या लग्नाआधी झालं तर सांग. आणि ती हार्ड डिस्क तेवढी लवकर पाठव, त्यात देशमुखांचा अल्बम आहे."