मायक्रोआरएनए: नोबेल मिळाले, औषध का नाही?

७ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा मूळ शोधाला ३१ वर्षे उलटली होती. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत सापडलेला मायक्रोआरएनए, म्हणजे सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा, स्वतः प्रथिन घडवत नाही. इतर जनुकांचे संदेश दाबून टाकतो. पारितोषिकाच्या दिवशी त्यावर आधारलेले एकही मंजूर औषध बाजारात नव्हते. विषाणुरोधक उपचारांबाबत तर हे विशेष खटकते, कारण एकेकाळी तिथेच यश हाताशी आल्यासारखे वाटले होते.

यकृतपेशींत एमआयआर-१२२ हा रेणू विपुल असतो. हेपॅटायटिस सीचा विषाणू त्याला शत्रू मानत नाही, उलट चाकरीला ठेवतो: आपल्या आरएनएच्या टोकाशी त्याला बांधून घेतो आणि त्याच्या आडोशाने टिकतो, वाढतो. ही गरज २००५ मध्ये उघड झाली. विषाणू रूपे बदलतो, रुग्णाचा रेणू मात्र बदलत नाही. मग तोच रोखला तर? मिराव्हिर्सेन या औषधाने नेमके हेच केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ रुग्णांच्या चाचणीत वाढत्या मात्रेबरोबर विषाणूचे प्रमाण घटत गेले.

परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मंजुरी मिळाली. थेट विषाणूवर मारा करणाऱ्या गोळ्यांच्या संयोगाने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ लागले. अमेरिकेत ८४,००० डॉलरचा हा उपचार २०१४ च्या परवान्यांनंतर मुंबईच्या सिप्लासह भारतीय कंपन्यांना अल्प दरात बनवता आला. इंजेक्शनने घ्यायच्या औषधाला मग कोण विचारणार? एमआयआर-१२२ रोखणारे दुसरे औषध, आरजी-१०१, रुग्णांना कावीळ झाल्याने २०१६ मध्ये अमेरिकी नियामकाने थांबवले.

पराभव केवळ बाजारातला म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना हात घालतो, आणि प्रतिकारशक्तीत तर त्याचे काम तारेवरची कसरत आहे. विषाणूची चाहूल लागताच एनएफ-कप्पा-बी ही यंत्रणा दाह पेटवते. तीच एमआयआर-१४६ए वाढवते, आणि तो धोक्याची वार्ता पुढे नेणाऱ्या ट्रॅफ-६ व आयरॅक-१ या प्रथिनांना आवरतो. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या कॅलटेकमधील प्रयोगशाळेने २००६ मध्ये हा लगाम दाखवून दिला. हा लगाम काढून विषाणूवर तुटून पडावे, ही कल्पना आकर्षक खरी. पण एमआयआर-१४६ए नसलेल्या उंदरांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. याउलट एमआयआर-१५५ नसलेल्या उंदरांचा बचावच दुबळा पडतो.

शिवाय शिरेतून वा त्वचेखाली दिलेला आरएनए यकृताकडे सहज जातो. फ्लू किंवा कोविडचे रणांगण असलेल्या फुफ्फुसांपर्यंत तो पोहोचवणे अजून अवघड आहे. नव्या घोषणा वाचताना गुंतवणूकदारांनी आणि रुग्णांनी प्रथम हाच प्रश्न विचारावा: औषध कोणत्या पेशीत पोहोचते, आणि तिथे ते आणखी काय काय बंद करते?