बंद म्हणजे बंद... असतं का?

या वीकेंडला अलोऱ्याला आलेय. पुण्याहून कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलं की पोफळी, शिरगाव आणि मग आमचं अलोरे. पाऊस धो धो आहे, नेट दुपारपासून गेलंय, आणि बाबा खिडकीत बसून "तुमचं ते राउटर चालू आहे का बघ" असं दर दहा मिनिटांनी सांगतायत. राउटर चालू आहे हो, पलीकडची लाईन गेलीये! असो. तर नेट नसल्याचा फायदा घेऊन बरेच महिने डोक्यात खदखदणारं एकदाचं लिहून टाकते.

विषय तसा रुक्ष आहे: सॉफ्टवेअर राउटर, आणि त्यातल्या राउटिंगची व पोर्ट फॉरवर्डिंगची आपोआप चालणारी टेस्टिंग. आयटीवाले नसाल तर लगेच पळू नका. तुमच्या घरातला वाय-फायचा डबा हा याच जातीचा प्राणी आहे.

म्हणजे कसं, की समजा तुमच्या सोसायटीला बाहेरच्या जगासाठी पत्ता एकच आहे आणि आत साठ फ्लॅट आहेत. गेटवर वॉचमन. त्याला एक कागद दिलाय: "८०८० विचारत कोणी आलं तर ब-३०४ ला पाठव." हे झालं पोर्ट फॉरवर्डिंग. वॉचमन पाहुण्याला आत सोडतो आणि वहीत नोंद करतो, हा पाहुणा, या फ्लॅटला. आता गंमत बघा. तोच पाहुणा पुढच्या फेरीला आला की वॉचमन कागद वाचतच नाही. वही बघतो. नोंद आहे ना? जाऊ दे.

लिनक्सचं नेटफिल्टर नेमकं असंच वागतं. नॅटचे नियम फक्त पहिल्या पॅकेटला विचारले जातात. पुढचा सगळा कारभार 'कॉनट्रॅक' नावाच्या वहीवर. टीसीपीचं जुळलेलं कनेक्शन काहीच हालचाल नसली तरी या वहीत मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस राहतं. यूडीपीची नोंद काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांत पुसली जाते, पण मध्ये एक जरी पॅकेट आलं तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून.

याचा अर्थ असा, की तुम्ही स्क्रीनवर जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम 'डिलीट' केलात तर कागद फाटला. वही तशीच आहे!

आता माझं पाप सांगते.

मी ज्या कंपनीत होते (नाव घेत नाही, आणि चूक माझीही होती) तिथे आम्ही लिनक्सवर बांधलेला सॉफ्टवेअर राउटर विकायचो. छोटे कारखाने, दुकानं, क्लिनिक असे ग्राहक. नियम काढला की वहीतली नोंदही पुसायची, हे आम्हाला माहीत होतं. तसा कोड होता. त्याची टेस्टही होती, मीच लिहिलेली: बाहेरून दर सेकंदाला एक यूडीपी पॅकेट पाठवत राहायचं, मध्येच नियम काढायचा, आणि नंतरचं एकही पॅकेट आत पोचलं तर नापास.

ही टेस्ट साधारण वीसात एकदा नापास व्हायची. उरलेल्या एकोणीस वेळा हिरवीगार.

तुम्ही या धंद्यात असाल तर पुढचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. "अगं, फ्लेकी टेस्ट आहे. सर्व्हरवर लोड असेल. स्किप कर, रिलीज अडकलंय." आणि मी केली. कोडमध्ये स्वतःच्या नावाने शेरा मारला: 'अनियमित. नंतर बघू.' नंतर कोण बघतंय!

आठ महिन्यांनी एका कारखान्यातून फोन आला. तिथे पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर बाहेरच्या देखभाल कंत्राटदाराला दिसावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं होतं. कंत्राटदाराशी बिनसलं. मालकांनी स्वतः लॉगिन करून नियम काढला, स्क्रीनवर 'नियम काढला आहे' असं आलं, आणि ते निर्धास्त झाले. इकडे कंत्राटदाराच्या ऑफिसातला पीसी कोणी बंद केलाच नव्हता. त्यात दुष्टपणा काही नाही, विसरले. तो दर सेकंदाला विचारत राहिला: टाकीत पाणी किती? आणि त्याला उत्तर मिळत राहिलं. अकरा दिवस.

अकराव्या दिवशी पंप दुरुस्तीला काढला. फिटर कपलिंग खोलायला बसला. पंप बंद, त्यामुळे टाकीतली पातळी उतरली. पीसीतल्या प्रोग्रॅमने आपलं काम चोख केलं: पातळी कमी, पंप चालू कर. पॅनेलमधला काँटॅक्टर खट्‌कन ओढला गेला. मोटार फिरली नाही, कारण फिटरने आधी मेन स्विच पाडला होता. कंट्रोलची लाईन फक्त वेगळी होती. त्याचे दोन्ही हात कपलिंगवर होते.

त्या माणसाला आमच्या स्क्रीनवर काय लिहून आलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने स्वतः मेन पाडला आणि मोटार मेलीये हे बघितलं, मगच हात घातला. मी मात्र सर्व्हरवर लोड असेल म्हणून मोकळी झाले होते.

कारण सापडायला अर्धा दिवस पुरला. आमचा कोड आधी वही पुसायचा आणि मग नियम काढायचा. नियम काढताना अख्खा फायरवॉल नव्याने लिहिला जायचा, त्याला साधारण ५० मिलिसेकंद. तेवढ्या फटीत एक पॅकेट आलं की जुना नियम अजून जागेवर आहे, वहीत नवी नोंद तयार! आणि दर सेकंदाला पॅकेट येत असल्यामुळे ती नोंद अमर. आता हिशेब करा: १००० मिलिसेकंदांत एक पॅकेट, फट ५० ची. वीसात एकदा. टेस्ट फ्लेकी नव्हतीच हो. ती आम्हाला बगचं माप काढून देत होती, आणि आम्ही तिलाच गप्प बसवलं. उपाय दोन ओळींची अदलाबदल: आधी नियम काढा, मग वही पुसा.

म्हणून आता माझं भांडण कुणाशी आहे ते सांगते.

पहिलं भांडण 'पिंग जातोय ना?' संप्रदायाशी. आपल्याकडे राउटरची टेस्टिंग म्हणजे एक लॅपटॉप इकडे, एक तिकडे, पिंग मारायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, टाळ्या. अरे पण राउटरचं निम्मं काम न जाऊ देण्याचं आहे! जे जायला हवं ते जातंय, हे ग्राहक पाच मिनिटांत ओरडून सांगतो. जे जायला नको ते जातंय, हे कोणीच सांगत नाही, कारण त्यात कुणाची गैरसोय होत नसते. म्हणजे ज्या बाजूला बोंब मारायला माणूस नाही, नेमकी तीच बाजू मशीनने तपासायला हवी. आपण बरोबर उलटं करतो.

दुसरं भांडण 'वेळ कुठाय, हार्डवेअर कुठाय' म्हणणाऱ्यांशी. एक साधा लॅपटॉप पुरतो, राव. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. एकाच मशीनमध्ये तीन वेगळी नेटवर्कं उभी करता येतात: एक 'घर', एक 'राउटर', एक 'बाहेर'. मध्ये आभासी केबल जोडायच्या. काही सेकंदांत अख्खी प्रयोगशाळा तयार, आणि टेस्ट संपली की पुसून टाका. मग काय तपासायचं? माझी यादी अशी:

एक, बाहेरून फॉरवर्ड केलेल्या पोर्टवर जा, आणि नुसतं कनेक्शन लागलं म्हणून खूश होऊ नका. आतल्या मशीनला पाहुण्याचा खरा पत्ता दिसला का ते विचारा. नॅट चुकीच्या बाजूलाही लावलं असेल तर प्रत्येक पाहुणा 'वॉचमनच' म्हणून नोंदला जातो, आणि उद्या चोर आला तर लॉगमध्ये वॉचमनचं नाव.

दोन, उरलेली सगळी पोर्टं बाहेरून ठोठावा. सगळी म्हणजे सगळी, ६५,५३५ पर्यंत. मशीनला कंटाळा येत नाही.

तीन, घरातूनच सार्वजनिक पत्त्यावर जाऊन बघा. याला हेअरपिन म्हणतात. २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये यूडीपीच्या नॅटला हे जमलंच पाहिजे असं स्वच्छ लिहिलंय. तरी 'ऑफिसातून कॅमेरा दिसतो, घरातून दिसत नाही' ही तक्रार ऐकली नसेल असा सपोर्ट इंजिनीअर दाखवा.

चार, 'बाहेर'च्या मशीनवर घरातल्या खाजगी पत्त्यांचा रूट मुद्दाम राउटरकडे वळवा आणि थेट आत घुसायचा प्रयत्न करा. 'नॅट आहे म्हणजे फायरवॉल आहे' या समजुतीवर जगणारे बरेच डबे इथे उघडे पडतात. तुमच्याच केबलवाल्याच्या सेगमेंटवर बसलेला शेजारी हे करू शकतो.

पाच, राउटर रीबूट करा आणि पहिल्या क्षणापासून बाहेरून पॅकेटं ओतत राहा. फॉरवर्डिंग आधी सुरू झालं आणि फायरवॉल मागून आला, तर मधल्या वेळात गेट सताड उघडं असतं.

सहा, नियम काढा. कनेक्शन खरंच मेलं का बघा. आणि पॅकेट दर सेकंदाला नको, दर मिलिसेकंदाला पाठवा. वीसात एकदा नापास होणारी टेस्ट अशी छळली की दरवेळी नापास होते. फ्लेकी टेस्टला स्किप हे औषध नाही, तिला अजून बिघडवा म्हणजे ती बोलते.

तिसरं भांडण जरा नाजूक आहे, 'हे ओपन सोर्स आहे, जगभर वापरतात, कोणीतरी तपासलंच असेल' म्हणणाऱ्यांशी. कर्नल तपासलेला असतो हो. लिनक्सच्या सोर्सबरोबरच नेटवर्किंगच्या टेस्ट येतात. पण आमच्या केसमध्ये कर्नलची काडीची चूक नव्हती. त्याला जे ज्या क्रमाने सांगितलं, ते त्याने त्या क्रमाने केलं. क्रम आमचा होता.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. नेमस्पेसमधला राउटर म्हणजे खरा डबा नव्हे. काही डब्यांत वाहतं कनेक्शन वेगळ्या चिपकडे सोपवतात, ते कर्नलला दिसतच नाही. तिथे खरं हार्डवेअर टेबलावर मांडायलाच लागतं. पण निदान आमचा तरी बग लॅपटॉपवर पकडता येण्यासारखा होता, नव्हे, पकडला गेलेला होता.

आणि टेस्टवरही आंधळा विश्वास नको. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहाएक तास जगभर गायब झाले होते, आठवतंय? देखभालीच्या कामातल्या एका आदेशाने त्यांच्या बॅकबोनची सगळी कनेक्शनं पडली. असे आदेश अडवण्यासाठी त्यांच्याकडे तपासणीचं टूल होतं. त्या टूलमध्येच बग होता, हे कंपनीने नंतर स्वतः लिहिलं. म्हणून अधूनमधून नियम मुद्दाम चुकीचा लिहा आणि टेस्ट लाल होते का ते बघा. जी टेस्ट कधीच लाल झालेली नाही, तिच्यावर माझा भरवसा नाही.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते इथे कोयना प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये होते, गेट-व्हॉल्व्हच्या दुरुस्तीवर. अलोऱ्यात वाढलेल्या माणसाला राउटिंग खरं तर शिकवावं लागू नये. कराडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारं कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं, ते पोफळीला वीज करून कोळकेवाडीच्या धरणात, तिथून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा ३२० मेगावॉट देऊन वाशिष्ठीत, आणि दाभोळला अरबी समुद्रात. याहून मोठा रूट कुणी बदललाय?

बाबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग बंद केल्यावर पलीकडे जाऊन कोणी बघितलं नाही?"

नाही बाबा. हिरवा दिवा बघितला.

त्या कारखान्याला आम्ही अपडेट पाठवला, माफी मागितली. त्या फिटरशी माझं कधी बोलणं झालं नाही. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. तुमच्या कोडमध्ये 'स्किप' शोधा, आणि त्यापुढे कुणाचं नाव आहे ते बघा. माझं सापडलं होतं.

ता.क. नेट आलं. बाबा म्हणतायत, आता एकदा बंद करून दाखव :-)