नागिणीचे श्रेय कोणाचे?

नागीण उतरवणाऱ्यांकडे दाखल्यांना तोटा नसतो. अमक्याची नागीण मंत्राने उतरली, तमकीला गेरूच्या लेपाने पंधरा दिवसांत गुण आला. हे दाखले खोटे नसतील. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा दुसरा डाव. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत दबा धरून राहतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की मज्जातंतूवाटे त्वचेवर येतो. धडधाकट माणसाचे फोड दोन ते चार आठवड्यांत आपसूक सुकतात. मंत्र घाला अथवा घालू नका. गुण शरीराचा, दक्षिणा मांत्रिकाला!

आता हाच न्याय मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या, केमोथेरपी घेणाऱ्या किंवा एचआयव्हीबाधित माणसाला लावून पाहा. जिच्या जोरावर गुण यायचा, ती प्रतिकारशक्तीच तिथे खिळखिळी असते. अशांचे फोड कधी महिनोन्‌महिने रेंगाळतात, चामखिळीसारखे जाड होतात, अंगभर पसरतात. विषाणू फुप्फुसे, यकृत आणि मेंदूही गाठू शकतो.

‘नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो,’ असेही म्हणतात. वास्तविक पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला उठते. ते दोन्ही बाजूंना पसरलेच, तर वेढ्याची धास्ती घेण्यापेक्षा प्रतिकारशक्ती का कोसळली, हे तपासावे. त्यात एचआयव्हीची चाचणीही आली.

‘विषाणूवर औषधच नसते,’ हा शिकलेल्यांचा समज. असायक्लोव्हिर गेली चार दशके वापरात आहे. ते घडवणाऱ्या संशोधनात अग्रणी असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८चे नोबेल मिळाले. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत ते सुरू व्हावे. प्रतिकारशक्ती दुबळी असेल, तर उशीर झाला तरी द्यावेच लागते, गरजेनुसार शिरेतून. त्यालाही विषाणू दाद देईनासा झाला, तर रुग्णालयात फॉस्कार्नेट देतात. जिवंत विषाणू नसलेली प्रतिबंधक लसही आता भारतात मिळते; ती कोणी, कधी घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे.

म्हणून घरात कोणाला केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल आणि अंगाच्या एका बाजूला जळजळणारे फोड उठले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. मांत्रिकाच्या दारात घालवलेले तीन दिवस म्हणजे औषधाचे नेमके ते ७२ तास.