माझा शेजारी कोण?



नाताळ आला की आपण शाळेत चांदणी टांगतो, केक वाटतो. ख्रिस्ती धर्माचे मर्म मात्र त्याहून साधे आणि अवघड आहे. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर येशूंनी दोन सांगितल्या : देवावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःइतके. या आज्ञा यहुदी धर्मग्रंथांत आधीच होत्या. येशूंनी त्या एकत्र जोडल्या.

पण शेजारी कोणाला म्हणायचे? लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री हेच विचारतो. येशू गोष्ट सांगतात. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एकाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकले. याजक आला, बाजूने निघून गेला. लेवीही तसाच गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याच्या समाजाशी यहुदी संबंध ठेवत नसत. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, खर्चही दिला. मग येशूंनी प्रश्नच उलटा केला : या तिघांपैकी शेजारी कोण झाला?

पंडिता रमाबाईंनी हे आचरून दाखवले. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. या मुलींपैकी अनेकींची बोली मराठी नव्हती. रमाबाईंनी भूक पाहिली, बोली नाही.

आता आपल्याविषयी. आपल्या शाळेचा मदतनिधी पूर्वजांनी मराठी मुलांसाठी ठेवला. परमुलखात आपल्या माणसांना आधार हवा होता, ते योग्यच होते. पण आज आपल्या वर्गांत हिंदी बोलणारी मुलेही बसतात. गेल्या जून महिन्यात अशाच एका मुलाचा अर्ज नियमात बसत नाही म्हणून मी परत केला. दिवाळीपूर्वी तो शाळा सोडून गेला. नियम मी पाळला. पण त्या याजकासारखा बाजूने निघून गेलो, ही टोचणी अजून आहे.

निधी लहान आहे, आपलीच मुले वंचित राहतील, अशी शंका रास्त आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी निधीत भर घालावी. निकष मात्र गरज हाच असावा. पुढील सभेत नियमातील 'मराठी' हा एक शब्द वगळावा, अशी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. त्याने आपले मराठीपण उणे होणार नाही.

– मुख्याध्यापक